वाळूच्या देशात गाडीमागे सायकल नेताना

अमिरातीत सायकल चालवायला जागा उत्तम आहे, पण ती घरापासून लांब आहे. शारजातल्या अल नहदा किंवा अल मजाझमध्ये, दुबईतल्या करामा-बर दुबईत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला अल कुद्राच्या ऐंशी किलोमीटरहून मोठ्या सायकल ट्रॅकवर जायचं, तर आधी वाळवंटाच्या दिशेने गाडी काढावी लागते. अल वथबाचा ट्रॅक अबुधाबी शहराबाहेर, जबल हफीतचा घाट अल ऐनला, जबल जैस रास अल खैमाच्या डोंगरांत. हट्टाच्या डोंगरवाटांवर पंधरा-वीस किलोमीटर फिरून यायचं, तर सायकल त्याआधी आणि त्यानंतर मिळून दोनशेहून अधिक किलोमीटर गाडीमागे टांगलेली असते. सायकलचं आयुष्य ट्रॅकवर झिजतं तेवढंच किंवा त्याहून जास्त या प्रवासात झिजतं, हे मी गेल्या काही वर्षांत मित्रांच्या आणि माझ्या सायकली पाहून ठामपणे सांगू शकतो. तरीही आपण हेल्मेटवर, चपळ टायरांवर, नव्या गिअरवर जेवढा विचार करतो, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकाही रॅकवर करत नाही.

नवी वस्तू जपायची म्हणजे ती गुंडाळायची, ही आपल्याकडची जुनी सवय. त्यामुळे सायकल गाडीमागे चढली की तिला चादर, बबलरॅप, नाहीतर मोटरसायकलचं कव्हर घातलं जातं. भारतात पावसाळ्यात चिखल उडू नये म्हणून हे चालून जाईल. इथे मात्र हवेत बारीक वाळू असते. वायव्येचा शमाल वारा सुटला की ती कव्हरच्या शिवणीतून, झिपमधून आत शिरते आणि शंभरच्या वेगाने फडफडणारं कापड ती वाळू फ्रेमवर तासभर घासत राहतं. वाळूतल्या क्वार्ट्‌झचा कठीणपणा मोह्‌झच्या मापपट्टीवर 7 आहे. ॲल्युमिनियम 3 च्या आसपास येतं आणि रंगाचा थर त्याहूनही मऊ. कापड आणि फ्रेम यांच्यात अडकलेली वाळू म्हणजे सहाणच. उघड्या सायकलवर वाळू बसते आणि पुसली जाते. कव्हरखालच्या सायकलवर ती रंग खाऊन टाकते.

म्हणून माझा पहिला सल्ला: सायकल झाकण्याआधी तिचं हलणं पूर्ण बंद करा. गाडीमागच्या सायकलींची जी नासधूस होते, त्यातली बहुतेक दोन गोष्टी एकमेकींवर घासल्यामुळे होते. एका सायकलचं पेडल दुसरीच्या फ्रेमवर, हँडल गाडीच्या काचेवर, रॅकचा पट्टा सीटखालच्या नळीवर. हे घासणं थांबलं की अर्ध्याहून अधिक काम झालं. कव्हर वापरायचंच असेल तर मागच्या रॅकसाठी मुद्दाम शिवलेलं, घट्ट बसणारं, आतून मऊ अस्तर असलेलं घ्या आणि प्रत्येक फेरीनंतर ते उलटं करून धुवा. दिवा आणि नंबरप्लेट त्याच्याखाली जाणार नाही, हेही पाहा. लहान अंतरासाठी सीटवर एक टोपी आणि चेन-गिअरवर एक छोटं आवरण एवढं पुरतं.

रॅक कोणता घ्यावा

इथे तीन प्रकार जास्त दिसतात. पहिला पट्ट्यांचा, डिकीच्या दारावर अडकवायचा. दुसरा मागच्या दाराला असलेल्या स्पेअर चाकावर बसणारा; प्राडो, जुनी पजेरो अशा गाड्यांवर तो दिसतो. तिसरा टोबारवर, म्हणजे ट्रेलर ओढण्यासाठी गाडीमागे असलेल्या दांड्यावर बसणारा, ज्यात सायकलची दोन्ही चाकं खोबणीत उभी राहतात.

पट्ट्यांचा रॅक स्वस्त असतो आणि म्हणूनच तो सर्वांत आधी घरात येतो. त्याच्यावर लक्षही सर्वांत जास्त ठेवावं लागतं. त्याचे हुक डिकीच्या पत्र्याच्या कडेला अडकायला हवेत. आजच्या बऱ्याच गाड्यांच्या वरच्या कडेला प्लास्टिकचा स्पॉयलर असतो, काहींची डिकी वरच्या बाजूला नुसत्या काचेची असते. तिथे हुक लावू नका, ते वजन पेलण्यासाठी केलेलंच नाही. रॅक बनवणारी कंपनी गाडीच्या प्रत्येक मॉडेलसाठी यादी देते. त्या यादीत आपली गाडी नसेल तर दुकानदार काहीही म्हणो, तो रॅक घेऊ नका. रॅकचे रबरी पाय जिथे टेकतात, तिथली जागा ओल्या कपड्याने पुसून मगच रॅक टेकवा. तिथे पारदर्शक संरक्षक फिल्म चिकटवून घेतली तर गाडीचा रंग वाचतो. पाय आणि पत्रा यांच्यात राहिलेली चिमूटभर वाळू अल कुद्राच्या एका फेरीत अर्धचंद्राकार ओरखडा काढते आणि गाडी विकताना त्याचे पैसे जातात.

पट्ट्यांचा खरा शत्रू ऊन आहे. 1 ऑगस्ट 2025 रोजी अल ऐनजवळच्या स्वैहानमध्ये 51.8 अंश तापमान नोंदवलं गेलं. सावलीत मोजलेला हा आकडा. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा आणि त्याला टेकलेला काळा पट्टा याहून कितीतरी तापतात. नायलॉन आणि पॉलिस्टरचे धागे अतिनील किरणांनी हळूहळू कुजतात आणि बाहेरून फारसा फरक दिसत नाही. रंग विटला, पट्टा हाताला खरखरीत लागू लागला, कडेचे धागे उसवले, वाकवल्यावर पांढरट भुकटी पडली, की तो पट्टा संपला असं समजा. प्लास्टिकची बकलंही ठिसूळ होतात. रॅक आठवडाभर गाडीवर तसाच ठेवण्याची पद्धत इथे फार आहे, कारण काढघाल करायचा कंटाळा येतो. मेपासून सप्टेंबरपर्यंत तरी रॅक घरात, पलंगाखाली किंवा बाल्कनीच्या सावलीत ठेवा. मोठ्या कंपन्या नुसते पट्टे वेगळे विकतात. दोन-तीन उन्हाळ्यांनी ते बदलावेत.

स्पेअर चाकावरच्या रॅकचा प्रश्न वेगळा. तिथे आधीच जड चाक दाराच्या बिजागरीवर लोंबकळत असतं. त्यावर रॅक आणि दोन सायकली आल्या की सगळा भार बिजागरीवर येतो, आणि गाडी वाटेतल्या गतिरोधकावरून उडाली की तो भार क्षणभर कितीतरी पट होतो. दोन साध्या सायकली न्या, पण तिसरी आणि विजेची सायकल तिथे नको.

टोबारवरचा, चाकं खोबणीत बसवणारा रॅक महाग असला तरी नियमित जाणाऱ्यांनी तोच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात सायकल स्वतःच्या चाकांवर उभी राहते, फ्रेमवर ताण येत नाही, गाडीच्या पत्र्याला काही टेकत नाही. दोन गोष्टी मात्र तपासा. अमेरिकी धाटणीच्या गाड्यांना मागे दोन इंची चौकोनी खाच असते, तर युरोपी रॅक 50 मिलिमीटरच्या गोळ्यावर बसतो. दोन्हींची गाठ पडत नाही. दुसरं म्हणजे टोबारवर खाली येणारं वजन किती चालेल, हे त्याच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, बऱ्याचदा 75 किंवा 100 किलो. त्यात रॅकचंही वजन धरायचं. रॅक वीस किलोचा आणि विजेच्या दोन सायकली पंचवीस-पंचवीस किलोच्या असतील, तर सत्तर किलो तिथेच भरले. शिवाय प्रत्येक खोबणीची स्वतःची मर्यादा असते. टोबार गाडीला नव्याने बसवून घेणार असाल तर गाडीच्या नोंदणीचं आणि वार्षिक तपासणीचं काम पाहणाऱ्या केंद्रात आधी विचारा. परवानगीशिवाय केलेला बदल तपासणीत अडकतो.

छतावरच्या रॅकबद्दल हमखास विचारलं जातं, कारण 2019 पासून होणाऱ्या यूएई टूरमध्ये संघांच्या गाड्यांवर छतभर सायकली उभ्या दिसतात. त्यांना शर्यतीत काही सेकंदांत सायकल उतरवायची असते आणि रस्ता त्यांच्यासाठी मोकळा असतो. आपल्याला मात्र परतताना मॉलच्या किंवा आपल्याच बिल्डिंगच्या तळघरात शिरायचं असतं आणि तिथली उंचीची मर्यादा दोन मीटरच्या थोडी वर. छतावर सायकल आहे हे विसरून आत शिरलेल्या गाड्यांमुळे मोडलेल्या फ्रेम सायकल दुरुस्तीच्या दुकानांत पाहायला मिळतात. तळघरात गाडी लावणाऱ्यांनी मागचाच रॅक घ्यावा.

चढवणं आणि बांधणं

रॅकवर चढवण्याआधी सायकलवरून जे निघतं ते काढा: पाण्याची बाटली, पंप, दिवे, मीटर, सीटखालची पिशवी, मुलाचं मागचं आसन. वाऱ्याने यातली प्रत्येक वस्तू सुटू शकते. शंभरच्या वेगाने उडालेली पाण्याची बाटली मागच्या गाडीच्या काचेवर आदळली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. मुलाचं आसन तर शिडासारखं वारा धरतं आणि सगळा रॅक हलवतं.

सर्वांत जड सायकल गाडीला चिकटून, हलकी बाहेरच्या बाजूला. एकीचं तोंड डावीकडे, तर दुसरीचं उजवीकडे, म्हणजे हँडल हँडलावर येत नाही. चेन मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर टाका, म्हणजे गिअरची फिरकी आत सरकते आणि शेजारच्या सायकलच्या तारांत अडकत नाही. पेडल फिरवून शेजारणीपासून दूर ठेवा. अंतर कमीच असेल तर आतलं पेडल काढून टाका, पंधरा मिलिमीटरच्या पान्ह्याने किंवा षटकोनी किल्लीने दोन मिनिटांचं काम आहे. डाव्या बाजूचं पेडल उलट आट्यांचं असतं, एवढं लक्षात असू द्या.

जिथे दोन सायकली अगदी जवळ येतात, तिथे काळा इन्सुलेशन फोम लावा. एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात तो. सतवा, देरा किंवा शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एसीचं सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात तो मीटरवर मिळतो. लांबीतून चीर दिलेला तुकडा फ्रेमच्या नळीवर चढतो आणि वेल्क्रोच्या पट्टीने बसतो. बबलरॅपपेक्षा तो शंभर पटीने चांगला, कारण सरकत नाही आणि वाळू धरून ठेवत नाही. जुनी ट्यूब कापून गुंडाळली तरी चालते. फोम लावण्यापूर्वी नळी पुसलेली हवी, नाहीतर पुन्हा वाळू आत आणि घासणं सुरू.

पुढचं चाक मोकळं राहिलं तर वाऱ्याने हँडल सारखं वळत राहतं. चाक फ्रेमला एका छोट्या पट्ट्याने बांधा. पट्ट्यांची लोंबती टोकं गाठ मारून आत खोचा. फडफडणारं टोक गाडीच्या रंगावर तासभर फटके मारत असतं.

कार्बनच्या फ्रेमविषयी थोडं थांबून सांगायला हवं. कार्बन लांबीच्या दिशेने प्रचंड भार सहन करतो, पण बाजूने चिमटीत धरून दाबला की त्याचे थर आतल्या आत सुटू शकतात आणि वरून रेघही दिसत नाही. वरच्या आडव्या नळीला चिमटा लावणारा रॅक कार्बनच्या सायकलला वापरू नका. चाकाला धरणारा रॅकच घ्या. चिमटा लावणं टाळताच येत नसेल तर नळीवर भार वाटून देणारा खास पट्टा मिळतो, आणि तोही हाताने आवळता येईल इतकाच आवळायचा. ॲल्युमिनियमच्या पातळ नळ्यांनाही हाच नियम लावलेला बरा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असलेल्या सायकलचं चाक काढून नेणार असाल, तर ब्रेकच्या फटीत प्लास्टिकचा तुकडा घाला. वाटेत लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि ट्रॅकवर पोचल्यावर चाक बसत नाही.

मुलांच्या आणि उतरत्या फ्रेमच्या सायकली टांगणीच्या रॅकवर नीट बसत नाहीत. सीटच्या नळीपासून हँडलपर्यंत जोडायची एक तात्पुरती आडवी नळी मिळते, ती घ्या. बारा-सोळा इंची चाकांची सायकल मात्र सरळ डिकीत टाका. रॅकच्या दोन दांड्यांमध्ये ती कशीबशी लटकवण्यात काही शहाणपण नाही.

सगळं बांधून झालं की बाहेरच्या सायकलची फ्रेम धरून जोरात हलवा. सायकलबरोबर गाडी हलली पाहिजे. सायकल एकटीच हलत असेल तर बांधणी अपुरी आहे. पट्टे पहिल्या काही किलोमीटरांत ताणून बसतात आणि सैल होतात, म्हणून महामार्गावर लागण्याआधीच्या पेट्रोल पंपावर उतरून सगळं पुन्हा आवळा. ही एक तपासणी कधीही चुकवू नका; पडलेल्या सायकलींच्या ज्या हकिकती मी ऐकल्या, त्यांपैकी बहुतेकींत ती राहिलेली होती.

उष्णता

मागच्या रॅकवर टांगलेली सायकल खाली किती येते ते पाहा आणि मग गाडीचा सायलेन्सर कुठे आहे ते पाहा. चाक धुराच्या नळीच्या थेट मागे येत असेल तर टायर वितळतो, कार्बनच्या रिमची राळ मऊ पडते आणि रिम कायमची वाकडी होते. मोठ्या इंजिनाच्या गाड्यांत हे सहज घडतं, आणि सिग्नलला बराच वेळ उभं राहिलं की आणखी. सायकल वर घ्या, उलटी फिरवून लावा किंवा तेवढं चाक काढून गाडीत ठेवा. नळी आणि चाक यांत हातभर अंतर नसेल तर त्या रॅकवर त्या जागी सायकल लावू नये.

टायरमधली हवा तापली की फुगते. पंचवीस अंशांना 100 पीएसआय भरलेला टायर पासष्ट अंशांपर्यंत तापला, तर दाब साधारण 115 वर जातो. चांगला टायर हे सहन करतो, पण जुना, कडेने फाटलेला टायर ट्रॅकवरच्या कॅफेसमोर न्याहारी चालू असताना उभ्याउभ्या फुटतो. निघताना हवा थोडी कमी ठेवा, ट्रॅकवर पोचल्यावर पूर्ण भरा. ट्यूबलेस टायरातलं द्रव इथल्या उन्हाळ्यात महिन्या-दोन महिन्यांत सुकतं, तेही तपासत राहा.

विजेच्या सायकलची बॅटरी काढून गाडीच्या आत, एसीत ठेवा. रॅकवरचं वजनही कमी होतं. पण गाडी बंद करून उन्हात लावायची असेल तर बॅटरी आत सोडून जाऊ नका. बंद गाडीत ती उकडते. ती सोबत न्या किंवा गाडी सावलीतच लावा.

वेग, दिवे आणि नंबरप्लेट

बहुतेक मागच्या रॅकच्या माहितीपुस्तिकेत 110 ते 130 च्या दरम्यान कमाल वेग दिलेला असतो. अबुधाबी अमिरातीतल्या काही महामार्गांवर मर्यादा 140 आहे. रडार तुम्हाला काही म्हणणार नाही, पण रॅक तेवढ्यासाठी केलेला नाही. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो: 100 वरून 140 वर गेलात की तो जवळजवळ दुप्पट. सायकली मागे असताना 100 ते 110 धरा आणि उजव्या लेनमधून जा. ट्रक बाजूने गेला की हवेचा झोत रॅकला आडवा ढकलतो, म्हणून ट्रकपासून अंतर ठेवा. वस्तीतल्या आणि हट्टाच्या गावातल्या गतिरोधकांवर अगदी हळू जा, कारण मागच्या चाकांच्या मागे लोंबणारा भार उसळतो तेव्हा सगळे पट्टे एकदम ताणले जातात. आणि रॅक लावून वाळूच्या टेकड्यांवर गाडी नेऊ नका, कितीही मोठी फोर-बाय-फोर असली तरी.

नंबरप्लेट झाकली गेली तर 400 दिरहमांचा दंड आहे, आणि सायकल रॅकमुळे झाकलेल्या प्लेटबद्दल अबुधाबी पोलिसांनी वाहनचालकांना मुद्दाम इशारे दिले आहेत. 29 मार्च 2025 पासून लागू झालेल्या नव्या वाहतूक कायद्यात प्लेट जाणूनबुजून लपवणं तर फारच महागात पडतं. उपाय सोपा आहे. दुबईत आरटीए या रस्ते व वाहतूक प्राधिकरणाकडून सायकल रॅकसाठी त्याच क्रमांकाची जादा प्लेट मिळते आणि अबुधाबीत ताम्म या सरकारी सेवा-व्यासपीठावरून ती मागता येते. इतर अमिरातींत नोंदलेल्या गाडीवाल्यांनी आपल्या नोंदणी केंद्रात विचारावं. पुठ्ठ्यावर क्रमांक लिहून लटकवणं, छापून लॅमिनेट करणं हे चालत नाही. सायकली उतरवल्यावर रिकामा रॅकही घडी करून वर करा, कारण रिकाम्या रॅकनेही प्लेट झाकली जाते.

दिव्यांचं महत्त्व हिवाळ्यात कळतं. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे अल ऐन रस्त्यावर आणि अबुधाबीच्या बाहेर दाट धुकं उतरतं आणि तेव्हाच आपण सायकली घेऊन निघालेलो असतो. चाकांच्या मागे ब्रेकचा दिवा दडला असेल तर मागच्याला तुम्ही थांबताय हे कळत नाही. टोबारच्या चांगल्या रॅकला स्वतःचे दिवे असतात, ते गाडीच्या वायरिंगला जोडून घ्या. पट्ट्यांच्या रॅकने दिवे झाकले जात असतील तर दिव्यांची वेगळी पाटी बांधता येते. ते जमणार नसेल तर उजाडल्यावर निघा.

सायकलींची टोकं गाडीच्या रुंदीबाहेर जात असतील तर चाक काढून रुंदी कमी करा. गाडी मागे घेताना सेन्सर सतत वाजतात आणि मागचा कॅमेरा झाकलेला असतो, म्हणून कुणाला तरी खाली उतरवून मगच मागे घ्या. पाय दाखवला की उघडणारी स्वयंचलित डिकी असेल तर ती सोय सेटिंगमधून बंद करा. पट्ट्यांचा रॅक बांधलेला असताना डिकी उघडली तर हुक, पत्रा आणि सायकल या तिन्हींचं नुकसान एकदम होतं.

वाटेतले थांबे

हा देश सुरक्षित आहे, म्हणून आपण गाफील राहतो. ट्रॅकवरून परतताना न्याहारीला थांबलात तर गाडी खिडकीतून दिसेल अशी लावा. रॅकचं गाडीला, सायकलचं रॅकला आणि दोन्ही सायकलींतून जाणारं एक साखळीचं, अशी कुलपं लावा. टोबारच्या खिळीलाही कुलूप असतं. फ्रेमखाली कोरलेला क्रमांक आणि सायकलचे फोटो मोबाइलमध्ये ठेवा. गाडीच्या विम्यात मागे टांगलेली सायकल धरली आहे असं गृहीत धरू नका. पॉलिसीत शोधा, नसेल तर नूतनीकरणाच्या वेळी लेखी विचारा.

पेट्रोल पंपावर गाडी धुवायला दिलीत तर सायकली आधी उतरवा. जोरदार फवारा चाकांच्या आणि पेडलच्या बेअरिंगमध्ये वाळूसकट पाणी कोंबतो.

घरी आल्यावर सायकल कोरड्या ब्रशने झटका, मग हलक्या धारेने धुवा, कापडाने कोरडी करा. चेनला ओलं तेल नको, त्याला वाळू चिकटते. मेणाचं किंवा कोरडं वंगण वापरा. जुमेराच्या किनाऱ्यालगत किंवा खोरफक्कानला जाऊन आला असाल तर रॅकचे नटबोल्टही गोड्या पाण्याने धुवा, खारी हवा त्यांना महिन्याभरात गंज चढवते. महिन्यातून एकदा सगळे बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळा.

मागून कुणी ठोकलं तर सायकली काढून हलवण्याआधी फोटो घ्या. इथे पोलिसांच्या अहवालाशिवाय गॅरेज गाडीला हात लावत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे; त्याच अहवालात सायकलींचं आणि रॅकचं नुकसान नोंदवायला सांगा, नंतर ते जोडून घेणं कठीण होतं. धक्का बसलेली कार्बनची सायकल वरून धडधाकट दिसली तरी जाणकाराकडून तपासून घेईपर्यंत तिच्यावर बसू नका. धडकेत सापडलेला रॅकही पुन्हा वापरायचा नाही.

शेवटी एक विनंती, इथून परत जाणाऱ्यांना. अमिरात सोडताना आपण रॅक मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकतो किंवा शेजाऱ्याला फुकट देऊन जातो, आणि घेणारा बहुतेक वेळा नुकताच आलेला, पहिल्यांदाच सायकल नेणारा असतो. रॅक देताना त्याची माहितीपुस्तिका आणि किल्ल्या सोबत द्या, तो कोणत्या गाडीवर होता आणि किती वर्षं उन्हात राहिला ते सांगा. पट्टे विटले असतील तर देण्याआधी कात्रीने कापून टाका, म्हणजे नवा माणूस नाइलाजाने का होईना, नवे पट्टे घेईल.